घाटाच्या कठड्यावरचे नाव

रस्त्याने जाणाऱ्या माणसावर रस्त्याचे काही ऋण असते का? वर्षभरापूर्वी कोणी हा प्रश्न विचारला असता तर आम्ही हसून सोडून दिले असते. रस्ता सरकारचा, गाडी भाड्याची, डिझेलचे पैसे आपण मोजलेले. मग ऋण कसले? पण गेल्या हिवाळ्यात अजिंठ्याच्या घाटात एक लहानशी गोष्ट घडली आणि तेव्हापासून या प्रश्नाने आमची पाठ सोडलेली नाही. वाचकांपुढे तो मांडावा, निदान मन तरी हलके होईल, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. सहावी-सातवीच्या मुलामुलींची सहल अजिंठ्याला न्यायचे ठरले. केदारखेड्याहून अजिंठा काही फार दूर नाही. पूर्णाकाठ मागे टाकला की भोकरदन, तिथून सिल्लोड, मग गोळेगाव, अजिंठा गाव आणि त्यापुढे घाट. तरीही आमच्या चाळीस मुलांपैकी सदतीस मुलांनी घाट पाहिलेला नव्हता. त्यांना ठाऊक होती ती कपाशीची आणि मक्याची सपाट रानं, आणि नदीचा उतार. भल्या पहाटे भाड्याची बस शाळेसमोर उभी राहिली तेव्हा काही आया डबे घेऊन आल्या होत्या, काही दुआ पुटपुटत होत्या. एका आजीने आम्हाला बजावले, "सर, घाट में खिडकी से हाथ बाहर नको निकालने देव बच्चों को." आम्ही मान डोलावली.

अजिंठा गाव ओलांडले की पठार एकाएकी संपते. आतापर्यंत दोन्ही बाजूंनी सोबत करणारी शेते मागे राहतात, रस्ता डावी-उजवी वळणे घेत खाली उतरू लागतो आणि समोर खानदेशाचा मुलूख धुक्यात पसरलेला दिसतो. काळ्या दगडाचे थरावर थर, मधूनच सागाची वाळलेली पाने, कुठे पळसाचे बुंधे, कड्याच्या कडेने बांधलेला दगडी कठडा. बसमध्ये क्षणभर शांतता पसरली. मग एक मुलगी म्हणाली, "सर, इथं जमीन सरली का?" आम्हाला तिचा प्रश्न फार आवडला. मराठवाड्याचे पठार तिथे खरोखरच सरते.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. बोलायला विषय मिळाला. आम्ही मुलांना सांगितले की हा घाट आजचा नव्हे. पैठणहून निघालेला व्यापारी मार्ग भोकरदनवरून याच डोंगररांगेच्या खिंडीतून उत्तरेकडे, उज्जैनकडे जात असे. आपले भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. तिथल्या लोकांनी सांचीच्या स्तूपाला दान दिल्याचे लेख सांचीच्या दगडांवर आहेत. भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तशाच धाटणीची मूर्ती १९३८ मध्ये इटलीत, ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात मिळाली होती. म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावाचा माल कुठवर जात होता, पाहा! मुलांचे डोळे विस्फारले.

पुढे सांगितले की २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्याच जालना जिल्ह्यातील आसई येथे शिंदे-भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली यांची लढाई झाली. लढाईनंतर मराठ्यांचे सैन्य याच घाटाने खाली उतरले आणि इंग्रजांच्या जखमींना अजिंठा गावात आणून ठेवले गेले. मग खाली फर्दापूरची मोगलकाळातली सराई, निजामाच्या काळातली अजिंठ्याची तटबंदी. सम्राट, सुभेदार, सेनापती यांची नावे आम्ही एकामागून एक घेत गेलो. बस वळणे घेत होती आणि आम्ही नावे घेत होतो.

लेणी पाहताना मुले थकली, पण कंटाळली नाहीत. दहाव्या लेण्यात आम्ही त्यांना एका खांबाजवळ उभे केले. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळाचा जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला असता त्याला ही लेणी दिसली, हे आपण पुस्तकातून शिकवतो. त्याच स्मिथने खांबावरच्या चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली आहे. आम्ही मुलांना विचारले, "दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रावर नाव कोरणे चांगले की वाईट?" "वाईट!" चाळीस आवाज एकदम आले. आम्हाला समाधान वाटले. धडा पोचला होता.

परतीच्या वाटेवर घाट चढताना चालकाने इंजिनात पाणी घालायला बस कडेला घेतली. ऊन कलले होते. मुले खाली उतरली. आम्ही आणि आमच्या सहशिक्षिका आपा मुले मोजण्यात गुंतलो होतो. तेवढ्यात सातवीतला एक मुलगा कठड्याजवळ वाकून काही करताना दिसला. जवळ गेलो. त्याने विटेच्या तुकड्याने कठड्याच्या दगडावर एक नाव लिहिले होते. उर्दूत, वळणदार अक्षरात. आमच्याच वर्गात घटवलेले अक्षर ते.

आम्हाला राग आला. सकाळचा सगळा धडा वाया गेला, असे वाटले. आम्ही त्याला सगळ्यांसमोर झापले. म्हणालो, "स्मिथसाहेब आणि तुझ्यात फरक काय राहिला?" त्याला बाटलीतले पाणी दिले आणि नाव पुसायला लावले. त्याने एक शब्दही न बोलता रुमाल ओला केला आणि दगड पुसला. विटेची तांबडी रेघ दगडाच्या खळग्यात थोडी उरली. ती त्याने नखाने काढली.

बस सुटल्यावर त्याच्या शेजारी बसणारा मुलगा पुढे आला आणि हळूच म्हणाला, "सर, उसने अपना नाम नई लिखा था. उसके अब्बा का लिखा था. वो दीवार उसके अब्बा ने बांधे."

वाचकहो, त्या क्षणी आम्हाला काय वाटले ते शब्दांत सांगता येणार नाही. मागे वळून पाहिले. तो मुलगा खिडकीबाहेर बघत होता. हात मात्र आत होते.

घरी आल्यावर आम्ही स्वतःशी वाद घालू लागलो. आमचे चुकले का? सार्वजनिक भिंतीवर लिहू नये, हा नियम चुकीचा नाही. उद्या प्रत्येकाने आपापल्या बापाचे नाव लिहायचे ठरवले तर कठड्यावर जागा उरणार नाही. आणि मुलाला शिस्त लावणे हे तर आमचे कामच. एवढ्यावर प्रश्न मिटायला हवा होता, पण मिटला नाही. कारण आमच्या ध्यानात आले की त्या दिवशी आम्ही घाटात निदान दहा-बारा नावे घेतली होती आणि त्यांतल्या एकानेही त्या घाटातला एक दगड उचलला नव्हता. ज्याने उचलला त्याचे एकमेव नाव दगडावर आले, ते आम्ही पुसायला लावले.

मग आम्हाला दगडावरच्या नावांचा नाद लागला. लेण्यांविषयी जे वाचले होते ते पुन्हा काढून वाचले. दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागाचे दान वासिठीपुत कटहादि याने दिले, असा लेख तिथे आहे. सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करविले, सव्विसावे बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने. दाते ठाऊक आहेत. पण छिन्नी कोणाच्या हातात होती? जगभरचे लोक ज्या पद्मपाणीपुढे उभे राहतात, तो कोणी रंगवला? त्या चित्रकाराचे नाव कुठेही नाही. देणाऱ्याचे नाव दगडात राहिले, घडवणाऱ्याचे राहिले नाही. आणि तेराशे-चौदाशे वर्षांनी नुसता बघायला आलेला माणूस आला, त्याचेही नाव राहिले.

रस्त्यांचेही तेच. मुंबई-पुण्याच्या मध्ये बोरघाट आहे. तिथली गाडीवाट १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुली झाली, हे नाव नोंदलेले आहे. त्याच घाटातून १८५६ ते १८६३ या काळात रेल्वे नेली. हजारो मजूर अपघातांनी आणि पटकीने दगावले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि थोड्याच आठवड्यांत १८५९ मध्ये वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम पुरे करून घेतले. धैर्याची बाई, यात शंका नाही. तिचे नाव इतिहासात आहे, ते असायलाच हवे. पण त्याच डोंगरात मेलेल्या हजारोंची यादी कुठे आहे? लोकांनी मात्र आपल्यापरीने एक नाव जपले. इंग्रजांना घाटाची वाट एका धनगराने दाखवली आणि त्याचा मोबदला म्हणून त्याला जीव गमवावा लागला, अशी कथा सांगतात. त्या शिंगरोबाचे देऊळ घाटात आहे आणि आजही ट्रकचालक तिथून जाताना नाणे टाकतात. कथा खरी-खोटी कशीही असो. ते नाणे टाकणाऱ्याला रस्त्याचे ऋण कळले आहे, एवढे खरे.

आसईच्या लढाईची एक हकिगत आम्ही वर्गात नेहमी मोठ्या चवीने सांगतो. केळणा नदीला उतार नाही, असे वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले. त्याने पाहिले की नदीच्या दोन तीरांवर दोन गावे समोरासमोर वसली आहेत. दोन गावे इतकी जवळ असतील तर मधे येण्याजाण्याची वाट असणारच, असा त्याने तर्क केला. उतार निघाला, सैन्य पार झाले आणि लढाई जिंकली. आम्ही या गोष्टीतून मुलांना तर्कशक्तीचे महत्त्व पटवून देत असू. आता वाटते, तो उतार वेलस्लीच्या बुद्धीने तयार झाला नव्हता. या तीरावरून त्या तीरावर लेकीला सासरी घालवणाऱ्या, बैल पाण्यात घालणाऱ्या, बाजाराला जाणाऱ्या लोकांच्या पायांनी तो तयार झाला होता. वेलस्लीने तर्क केला तो त्यांच्या पायांच्या भरवशावर.

आमच्या या घालमेलीविषयी आम्ही आपांशी बोललो. त्या वयाने आणि अनुभवाने आमच्याहून मोठ्या आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सर, नाम का क्या करना? अल्लाह को सबके नाम मालूम हैं. नेकी तो वो, जिसका किसी को पता न चले." त्यांचे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नव्हते. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. मशिदीला पंखा दिला की त्याच्या पात्यांवर आपले नाव रंगवून घेणाऱ्यांना आपण सगळेच हसतो. मग मजुराच्या नावासाठी एवढा आटापिटा कशाला? निनावी राहणे ही तर मोठी गोष्ट!

या उत्तराने आम्ही काही दिवस गप्प झालो. पण विचार करता करता त्यात एक खोच दिसली. डाव्या हाताला कळू न देणारा माणूस आपले नाव स्वतः झाकतो. त्याच्याजवळ नाव असते, सांगण्याची सोय असते, आणि तो सांगत नाही. म्हणून ती नेकी. ज्याला सांगण्याची सोयच कधी मिळाली नाही, त्याचे निनावी राहणे नेकी कशी होईल? ते त्याचे व्रत नव्हे, ती त्याची अवस्था आहे. उपाशी माणसाला रोजेदार म्हणण्यासारखेच आहे हे. रोजेदाराच्या घरी इफ्तारीची खजूर वाट पाहत असते. आणि अल्लाहला सगळ्यांची नावे ठाऊक आहेत, हे तर आम्ही मानतोच. पण त्यामुळे आमची जबाबदारी संपते का? आमचा हिशोब होईल तो आम्हाला काय ठाऊक होते आणि काय ठाऊक करून घेता आले असते, यावर होईल.

यावर आपा म्हणाल्या, "मग जाऊन त्या बापालाच भेटा की." उपाय सोपा होता. तो आम्हाला सुचला नव्हता, याचेच नवल वाटते.

एका रविवारी गेलो. दोन खोल्यांचे घर, पुढे पत्र्याची पडवी. त्या माणसाचे वय आमच्याहून पाच-सहा वर्षांनीच जास्त असेल, पण दिसायला तो आमच्या वडिलांच्या पिढीतला वाटत होता. डाव्या हाताची करंगळी अर्धी नव्हती. आम्ही झाला प्रकार सांगितला आणि मुलाला बोललो त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. तो ओशाळला. म्हणाला, "पोरगं हाय सर, तुम्ही मारलं असतं तरी आमचं काही म्हणणं नव्हतं." मग घाटातल्या कामाविषयी सांगू लागला. दगड कसा निवडायचा, कोणता दगड सुतकीने फुटतो आणि कोणता नुसता भुगा होतो. कठड्यामागे पाणी तुंबले तर पहिल्याच पावसाळ्यात भिंत पोट काढते, म्हणून मधे मधे पाणी निघायला भोके ठेवावी लागतात. आम्ही त्या घाटातून किती वेळा गेलो असू. ती भोके आम्हाला कधी दिसली नव्हती. त्या अर्ध्या तासात आम्ही विद्यार्थी होतो.

त्याच्या वडिलांनीही खडी फोडली होती. १९७२ च्या दुष्काळात. आमच्या भागात तो दुष्काळ आठवणारी माणसे अजून आहेत. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. रस्ते, पाझर तलाव, नाला बांध. पोटाला सुकडी आणि हाताला हातोडा. मराठवाड्यातल्या कितीतरी रस्त्यांखाली त्या सालची खडी आहे. ज्या रस्त्यांवरून आज आपल्या मोटारसायकली धावतात त्या रस्त्यांखाली कोणाच्या ना कोणाच्या आजीने फोडलेला दगड आहे. या दुष्काळातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि मागेल त्याला काम ही गोष्ट महाराष्ट्राने देशाला दिली. तो माणूस म्हणाला, "माझ्या बापाचं नाव तवा मस्टरवर होतं. आठवड्याला नाव पुकारायचे, अंगठा घ्यायचे, पैसे द्यायचे. बाप सांगायचा, पुकारा झाला की कान टवकारून उभं राहायचं."

आम्ही हरखून गेलो. आमचा लेख जणू पूर्ण झाला होता. आम्ही त्याला म्हणालो की आम्ही घाटाविषयी लिहिणार आहोत आणि त्यात तुमचे नाव छापणार आहोत. ज्यांची नावे कुठेच नाहीत त्यांच्या वतीने निदान एक नाव छापून येऊ दे. आम्हाला वाटले, त्याला आनंद होईल.

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "नको सर. नाव नका घालू." आम्ही कारण विचारले. तेव्हा कळले की घाटातल्या कामाचे पैसे त्याला मिळाले होते, पण त्यानंतरच्या एका लहान कामाची चाळीस दिवसांची मजुरी अडकली आहे. काम कुठले, हे आम्ही सांगत नाही. मुकादम म्हणतो, वहीत तुझे नावच नाही. नाव नाही तर मजुरी कसली? शिवाय तोच मुकादम पुढच्या हंगामात काम देणारा. पेपरात नाव आले, कोणी काही त्याच्या कानावर घातले, तर तेही जायचे.

वाचकहो, आम्ही एका माणसाला नाव भेट द्यायला गेलो होतो. त्याला नाव हवे होते, पण ते आमच्या लेखात नव्हे, मुकादमाच्या वहीत. आमच्या लेखातले नाव त्याच्या कामाचे नव्हते, उलट धोक्याचे होते. आम्ही महिनाभर दगडावरच्या नावांचा विचार करत होतो आणि एक प्रकार आमच्या ध्यानातच आला नव्हता. दात्याचे नाव लेखात राहते, पाहुण्याचे नाव ओरखड्यात राहते. मजुराचे नाव राहते ते हजेरीपटावर. आणि हजेरीपट काम संपले की रद्दीत जातो. पण जोवर काम चालू आहे तोवर त्याच्यासाठी तेच नाव मोलाचे. पहिल्या दोन नावांनी कीर्ती मिळते. तिसऱ्या नावाने भाकर मिळते. ज्याला ते तिसरे नाव नाकारले गेले, त्याला पहिले देऊ करणे ही चेष्टा नव्हे काय?

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही हदीस आपल्या मुलांनाही पाठ असते. त्याहून कडक एक इशारा आहे. मजुराकडून पुरे काम घेऊन त्याचा मोबदला न देणाऱ्याच्या विरोधात कयामतच्या दिवशी खुद्द अल्लाह फिर्यादी असेल, असे सांगितले आहे. आपण ही वचने जुम्म्याच्या बयानात ऐकतो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर वाचतो. रस्त्याचा हक्क द्या, अशीही ताकीद आहे: नजर खाली ठेवा, कोणाला इजा देऊ नका, सलामाचे उत्तर द्या. रस्त्यातला काटा-दगड बाजूला करणे हाही ईमानचाच एक भाग मानला आहे. वाटेवरचा दगड बाजूला करणाऱ्याला जर एवढा दर्जा, तर तो दगड फोडून, घडवून, कड्याच्या टोकाशी बसून दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून कठड्यात बसवणाऱ्याचा दर्जा काय असेल, याचा आपण कधी विचार करत नाही. घाटातून जाताना आपण दरी पाहतो. ती निर्धास्तपणे पाहता येते ती कठड्यामुळे, हे लक्षात येत नाही.

दृश्य पाहणे पाप आहे, असे आम्हाला म्हणायचे नाही. सृष्टी पाहा आणि विचार करा, असे तर आपल्याला पुन्हा पुन्हा सांगितले आहे. जमीन सरली का, असे विचारणाऱ्या मुलीला पुढच्या वर्षीही आम्ही घाटात नेणार. इतिहास सांगणे चूक आहे, असेही नाही. उलट आमच्या माणसांनी अजिंठ्यासाठी जे केले ते आम्ही अभिमानाने सांगू. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी इथल्या चित्रांच्या नकला करून घेतल्या. तेव्हा नंदलाल बोस यांच्यासारख्या बंगाली चित्रकारांबरोबर हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीनही काम करत होते. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याजदानी यांनी लेण्यांच्या जतनासाठी झटून त्यांच्यावर चार खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. ही नावे घेतलीच पाहिजेत. पण ती घेताना ज्यांनी पाणी वाहिले, परांच्या बांधल्या, मशाली धरल्या त्यांची जागा रिकामी आहे, एवढे तरी सांगायला हवे. ती जागा रिकामी दिसली तर पाहणाऱ्याची नजर आपोआप थोडी खाली येईल. तीच बहुधा रस्त्याला हवी असलेली नजर.

अजिंठा गावात पारो नावाच्या स्थानिक स्त्रीची कबर आहे. चित्रांच्या नकला करायला १८४४ पासून इथे राहिलेल्या रॉबर्ट गिलची ती सोबतीण. ती १८५६ मध्ये गेली आणि त्याने तिच्या कबरीवर तिचे नाव कोरविले. या डोंगरात जन्मून इथेच गेलेल्या अनेक पिढ्यांच्या बायकांमधून एवढे एक नाव दगडावर उरले. कारण कोणाला तरी ती गेल्याचे दुःख झाले होते. गिलने वर्षानुवर्षे खपून केलेली बरीचशी चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. कबरीवरचे नाव आहे. आमच्या मुलानेही कठड्यावर नाव लिहिले ते मायेनेच. स्मिथने लिहिले ते 'मी इथे आलो' हे सांगायला. आमच्या विद्यार्थ्याने लिहिले ते 'माझा बाप इथे होता' हे सांगायला. दोन्ही एकाच मापाने मोजले, ही आमची चूक. नियम पाळायला लावला, ही चूक नव्हे. लिहिण्याआधी काय लिहिले आहे ते विचारले नाही, ही चूक.

असो. त्या रविवारी त्या घरातून उठताना त्या माणसाने संकोचाने विचारले, "सर, तुम्हाला लिहिता येतं. एक अर्ज लिहून द्याल का?"

आम्ही तिथेच, पडवीत बसून अर्ज लिहिला. मराठीत, कारण कचेरीत तोच चालतो. त्याच्या मुलाला शेजारी बसवले आणि त्याच्याकडून तारखा विचारून घेतल्या. पोराने त्या एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवल्या होत्या: कोणत्या दिवशी अब्बा कामावर गेले, कधी पावसामुळे काम बंद राहिले. चाळीस दिवसांचा तोच एक हजेरीपट होता. अर्जाच्या पहिल्या ओळीत त्या माणसाचे संपूर्ण नाव लिहिले. "इथे नाव घालू ना?" असे आम्ही मुद्दाम विचारले. तो थोडा थांबला, मुलाकडे पाहिले आणि म्हणाला, "घाला." मग त्याने सही केली. त्याची सही आहे, अंगठा नव्हे. हे त्याने दोनदा सांगितले.

अर्जाचे पुढे काय झाले, ते सांगतो. अर्ज गेल्याचे कळताच मुकादम स्वतः घरी आला आणि वीस दिवसांचे पैसे देऊन गेला. उरलेल्या वीस दिवसांचे अजून यायचे आहेत. पुढच्या हंगामात काम मिळेल की नाही, हे सांगता येत नाही. अर्ज लिहून आम्ही त्याचे भले केले की त्याची रोजी धोक्यात घातली, हेही आम्हाला आज छातीठोकपणे म्हणता येणार नाही. त्याने स्वतःच्या तोंडाने "घाला" म्हटले, एवढाच आमचा आधार आहे.

शाळेत मात्र एक बदल आम्ही केला. पूर्वी घाईत हजेरी घेताना आम्ही मुलांची नुसती पहिली नावे पुकारत असू. आता दर सोमवारी संपूर्ण नाव पुकारतो: मुलाचे, मग बापाचे, मग आडनाव. चाळीस नावांना पाच मिनिटे जास्त लागतात. पहिल्या सोमवारी मुले हसली. दुसऱ्या सोमवारी हसली नाहीत. तो सातवीतला मुलगा आपले नाव येण्याआधीच सरळ होऊन बसतो, आणि बापाचे नाव पुरे उच्चारून होईपर्यंत "हाजिर" म्हणत नाही.